पाळीत मुलींनी अभ्यास करू नये? १५० वर्षांपूर्वी हा दावा आकड्यांनी खोडणाऱ्या डॉ. मेरी जेकोबी कोण होत्या?

मासिक पाळीत रजा द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून तापतो. जुलै २०२४ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. हा धोरणाचा विषय आहे असं न्यायालयानं सांगितलंच, शिवाय रजा सक्तीची केली तर महिलांना नोकरीवर घेणंच टाळलं जाईल, अशी भीतीही व्यक्त केली.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेत तो यापेक्षा टोकाच्या रूपात विचारला जात होता. मुलींना पाळी येते, मग त्यांनी कॉलेजात जावं का?

नेमका दावा काय होता?

१८७३ मध्ये डॉ. एडवर्ड क्लार्क यांचं एक पुस्तक आलं. हार्वर्डमध्ये प्राध्यापक राहिलेला हा माणूस, त्यामुळे शब्दाला वजन होतं. त्यांचं म्हणणं असं की शरीरातली ताकद मर्यादित असते. वयात येणाऱ्या मुलीनं मुलांसारखा अभ्यास केला तर ती ताकद मेंदूकडे जाते आणि गर्भाशय, बीजकोश नीट वाढत नाहीत. म्हणून पाळीच्या दिवसांत मुलींचा अभ्यास थांबवावा. पुरावा? आजारी पडलेल्या मोजक्या मुलींच्या कहाण्या. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

महिलांच्या संघटनांनी उत्तरं दिली, लेख लिहिले. पण एका बाईनं वेगळाच मार्ग धरला. तिनं बायकांनाच विचारायचं ठरवलं.

मेरी पुटनम यांचा जन्म १८४२ चा, लंडनमधला. वडील न्यूयॉर्कचे नामवंत प्रकाशक. मेरी आधी औषधनिर्माणशास्त्र शिकल्या आणि १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. हे कॉलेज आपल्याला परकं नाही. २२ वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या.

मेरी यांना मात्र तेवढं शिक्षण पुरेसं वाटेना. त्या पॅरिसला गेल्या. तिथल्या वैद्यकीय विद्यालयात तोवर बाईला प्रवेश नव्हता. बराच झगडा करून १८६८ मध्ये तो मिळाला. मध्येच युद्ध झालं, पॅरिसला वेढा पडला, पण त्या शहर सोडून गेल्या नाहीत. १८७१ मध्ये पदवी घेतली आणि प्रबंधासाठी पदकही मिळवलं. न्यूयॉर्कला परतून त्या महिला डॉक्टरांना शिकवू लागल्या. १८७३ मध्ये बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांच्याशी लग्न झालं.

१,००० प्रश्नावल्या, २६८ उत्तरं

हार्वर्डच्या बॉयल्स्टन पुरस्कारासाठी १८७६ चा विषय जाहीर झाला: पाळीत स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, आणि किती? निबंध निनावी पाठवायचे असत, म्हणजे लिहिणारा पुरुष की बाई हे परीक्षकांना कळणार नव्हतं.

जेकोबी यांनी सुमारे १,००० प्रश्नावल्या पाठवल्या. पाळीत दुखतं का, किती दुखतं, शिक्षण किती, व्यायाम किती, काम कसलं, असे प्रश्न. २६८ जणींची उत्तरं आली. (इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी गुगल फॉर्म फिरवलेल्या कुणालाही विचारा, हा प्रतिसाद अजिबात वाईट नाही.) त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. काही स्त्रियांच्या नाडीचे आलेख स्फिग्मोग्राफ या यंत्रावर पाळीच्या आधी, दरम्यान आणि नंतर काढले. शरीराचं तापमान, स्नायूंची ताकद, लघवीची तपासणी, सगळं मोजलं.

निष्कर्ष असा होता की ज्यांचं पोषण व्यवस्थित आहे, अशा स्त्रियांना केवळ पाळी आहे म्हणून विश्रांती घ्यावीच लागते, असं काही आढळत नाही. दुखतच नाही, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. अनेकींना दुखतं, हे त्यांच्याच तक्त्यांत होतं. पण त्याचा संबंध त्यांनी अभ्यासाशी न लावता खाणं, व्यायाम आणि एकूण तब्येतीशी लावला.

पुरस्कार त्यांनाच मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढच्या वर्षी निबंधाचं पुस्तक झालं. गंमत म्हणजे हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात मुलींना प्रवेश मिळायला १९४५ उजाडलं.

या अभ्यासात उणिवा आहेतच. उत्तर देणाऱ्या बायका लिहिता-वाचता येणाऱ्या, आपणहून फॉर्म भरणाऱ्या होत्या. गिरणीत उभं राहून काम करणारी मुलगी त्यात कितपत असेल? हार्मोन्सचा शोध लागायचा होता, त्यामुळे पाळी का येते याचं त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. एंडोमेट्रिओसिससारख्या आजारात पोषण उत्तम असूनही असह्य दुखतं, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे रजेच्या वादात कुठल्याही बाजूनं जेकोबींचं नाव सरसकट वापरता येणार नाही.

पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. १८८३ मध्ये सात वर्षांचा मुलगा घटसर्पानं गेला. वडील त्याच आजाराचे जाणकार असूनही. जेकोबी यांनी काम मात्र सोडलं नाही. रुग्ण, शिकवणं, लेखन आणि महिलांच्या मताधिकाराची चळवळ, सगळं चालू राहिलं.

शेवटी त्यांना मेंदूत गाठ झाली. तेव्हा त्यांनी स्वतःचीच लक्षणं टिपून ठेवली आणि त्यांचा वैद्यकीय लेख लिहिला. आपण या आजारानं मरण पावलो, हेही त्यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहून ठेवलं होतं. १० जून १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.