उंच खेळाडू, मोठा गुरू : जो लॅपचिक

मित्रांनो, कबड्डी, खो-खो, लंगडी हे आपले रोजचे खेळ. पण आज गोष्ट सांगायची आहे ती सातासमुद्रापलीकडच्या एका खेळाडूची. त्यांचे नाव जो लॅपचिक. खेळ बास्केटबॉलचा.

आधी खेळाविषयी थोडेसे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी हा खेळ काढला. थंडीच्या दिवसांत मैदानावर जाता येईना आणि मुले तर आत बसून कंटाळलेली. मग नेस्मिथ गुरुजींनी व्यायामशाळेच्या कठड्याला पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि मुलांना सांगितले, चेंडू टोपलीत टाका. टोपली दहा फुटांवर होती. आजही कडे दहा फुटांवरच असते. फरक इतकाच, की त्या टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की तो वर जाऊन काढावा लागे! आता कड्याला नुसती जाळी असते.

हा खेळ निघाल्याला पुरती नऊ वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १२ एप्रिल १९०० रोजी न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स गावात जो यांचा जन्म झाला. आईवडील युरोपातून पोटासाठी अमेरिकेत आलेले चेक लोक. घरची परिस्थिती बेताचीच. त्यामुळे आठवीनंतर जोची शाळा सुटली आणि तो कारखान्यात कामाला लागला. ज्या वयात आपण वह्यांना कव्हरे घालतो, त्या वयात तो यंत्रावर काम शिकत होता.

जो भराभर उंच वाढला. किती उंच? पुढे त्यांची उंची साडेसहा फुटांना एक इंच कमी एवढी भरली. म्हणजे आपल्या वर्गाच्या दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागली असती! पण उंची वाढली तरी अंगात चपळाई नव्हती. हातपाय लांबच लांब आणि एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. त्या काळी असा उंच मुलगा दिसला की लोक हसत. जोने मात्र जिद्द सोडली नाही. कारखान्यातून सुटले की सराव. धावणे, थांबणे, वळणे, पुन्हा धावणे. हळूहळू त्या लांब पायांना वळण लागले.

कॉलेजात न जाता जो थेट पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांत गेला. त्या वेळी धंदेवाईक बास्केटबॉल आजच्यासारखा नव्हता. नाचाच्या दिवाणखान्यात नाहीतर मोठ्या दालनात सामना ठेवत. कित्येक ठिकाणी मैदानाभोवती तारेची किंवा दोरीची जाळी असे, म्हणजे खेळाडू जणू पिंजऱ्यातच. एका सामन्याचे मिळत थोडेसे डॉलर. चांगला खेळाडू आज या संघाकडून, उद्या त्या संघाकडून खेळे. जोसुद्धा असाच गावोगाव फिरला.

१९२३ साली न्यूयॉर्कच्या ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या संघाने त्यांना घेतले. हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला संघ. (आजचा बोस्टनचा सेल्टिक्स संघ वेगळा, बरं का.) आपल्याकडे तमाशाचा फड जसा जत्रेजत्रेला हिंडतो, तसा हा संघ वर्षभर गावोगाव हिंडून सामने करी. जो मध्यावर खेळत. तेव्हाचा नियम असा होता की प्रत्येक गोल झाल्यावर चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध वर उडवायचा आणि दोन्ही संघांच्या उंच गड्यांनी उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलायचा. १९३७ साली हा नियम गेला. पण तोवर ज्याचा मधला गडी भारी, त्याच्याकडे चेंडू. आणि जो तर फार भारी! १९२७ आणि १९२८ साली सेल्टिक्सनी अमेरिकन लीगचे अजिंक्यपद मिळवले. पुढे तो संघ मोडला. तेव्हा जो क्लीव्हलँडच्या संघात गेले आणि १९२९ व १९३० साली तो संघ अजिंक्य ठरला.

आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग सांगतो. त्या वेळी अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांना फार वाईट वागणूक मिळे. पुष्कळ ठिकाणी त्यांची शाळा वेगळी, बसायची जागा वेगळी. गोऱ्या खेळाडूंच्या संघात काळ्या खेळाडूला घेतच नसत. म्हणून १९२३ साली बॉब डग्लस यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या खेळाडूंचा स्वतंत्र संघ उभा केला. त्याचे नाव ‘न्यूयॉर्क रेनेसाँ’. लोक त्यांना ‘रेन्स’ म्हणत. हे खेळाडू इतके तयारीचे, की १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी लागोपाठ ८८ सामने जिंकले. पण सामना जिंकून बाहेर पडले की कित्येक गावांत त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. मग बसमध्येच जेवायचे आणि बसमध्येच झोपायचे.

सेल्टिक्स आणि रेन्स यांचे सामने फार गाजत. रेन्सचा मधला गडी चार्ल्स कूपर. त्याला सगळे ‘टार्झन’ म्हणत. उडी मारायला समोरासमोर उभे राहायचे ते जो आणि टार्झन. सामन्याआधी नुसता हात मिळवायची रीत. जो मात्र टार्झनला सगळ्यांदेखत मिठी मारत. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला अशी मिठी मारलेली पाहून कितीतरी प्रेक्षक चिडत. जो यांनी त्याची पर्वा केली नाही. टार्झन हा आपल्या जागेवरचा सर्वांत चांगला खेळाडू आहे, हे ते उघड बोलून दाखवत. आपल्या प्रतिस्पर्ध्याला चांगले म्हणायला मन मोठे लागते, हे खरे की नाही?

१९३६ साली जो यांना न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाने प्रशिक्षक म्हणून बोलावले. पाहा, ज्यांची शाळा आठवीनंतर सुटली, ते विद्यापीठाच्या मुलांचे गुरू झाले! पण याचा अर्थ शाळा सोडली तरी चालते, असा कुणी काढू नये. आपले शिक्षण अपुरे राहिले याची जो यांना जाणीव होती. स्वतः शिकत शिकत त्यांनी शिकवले. १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या मुलांनी महाविद्यालयांची मोठी निमंत्रित स्पर्धा जिंकली. ती लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिलाच संघ.

१९४७ मध्ये ते ‘न्यूयॉर्क निक्स’ या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. आज जगभर एन.बी.ए. म्हणून जी लीग प्रसिद्ध आहे, त्याच लीगमधला हा संघ. तोवर त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९५० साली हे दार उघडले. तीन संघांनी तीन काळे खेळाडू घेतले. बोस्टनने चक कूपर, वॉशिंग्टनने अर्ल लॉइड आणि निक्सनी नॅट क्लिफ्टन. क्लिफ्टन पूर्वी रेन्सकडूनही खेळलेले. त्यांचे टोपणनाव ‘स्वीटवॉटर’, म्हणजे गोड पाणी. लहानपणापासून त्यांना गोड पेये फार आवडत, म्हणून हे नाव पडले.

क्लिफ्टन आले आणि इकडे जो यांच्या घरी काय झाले, ते ऐका. त्यांचा धाकटा मुलगा रिचर्ड तेव्हा पाच वर्षांचा होता. एके दिवशी त्याने खिडकीतून पाहिले, तर घरासमोरच्या झाडाला त्याच्या वडिलांचा पुतळा फासावर लटकवलेला आणि खाली माणसे जमलेली. घरी टेलिफोनही येत. पोराने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की कानावर शिव्या पडत. आपल्या वडिलांना लोक असे का बोलतात, हे त्या एवढ्याशा पोराला काय कळणार? पण जो बधले नाहीत. क्लिफ्टन संघात राहिले.

आणि त्याच हंगामात निक्स पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचले! १९५१ च्या त्या अंतिम फेरीत रॉचेस्टरच्या संघाशी सात सामन्यांची मालिका होती. पहिले तीन सामने निक्स हरले. सगळ्यांना वाटले, संपले. पण पुढचे तीन त्यांनी जिंकले. तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातव्या सामन्यात मात्र ७९ विरुद्ध ७५, अवघ्या चार गुणांनी निक्स हरले. १९५२ आणि १९५३ सालीही ते अंतिम फेरीत गेले, आणि हरले. निक्सबरोबर जो यांना अजिंक्यपद कधीच मिळाले नाही.

त्याच १९५१ साली अमेरिकेत एक मोठे लफडे उघडकीस आले. न्यूयॉर्कच्या आणि इतर ठिकाणच्या कॉलेजांचे काही खेळाडू जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन मुद्दाम वाईट खेळत होते. जिंकायचे, पण ठरवून कमी गुणांनी, म्हणजे जुगाऱ्याचा फायदा. पोरे पकडली गेली, काहींना तुरुंग पाहावा लागला, कितीजणांचा खेळ कायमचा संपला. जो यांनी वर्तमानपत्रांतील या बातम्या कापून एक कात्रणवही केली. १९५६ साली तब्येतीमुळे निक्स सोडून ते पुन्हा सेंट जॉन्सला आले. तेव्हा संघातल्या प्रत्येक मुलाला ती वही वाचायला लावत, आणि वाचली म्हणून सही घेत. नुसता उपदेश मुले विसरतात. आपल्यासारख्याच मुलाचे नाव छापून आलेले पाहिले, की ते विसरत नाही.

१९५९ साली त्यांच्या संघाने पुन्हा ती निमंत्रित स्पर्धा जिंकली. विद्यापीठाचा नियम असा, की ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचे. १९६५ हे त्यांचे शेवटचे वर्ष. मुलांनी मनावर घेतले, की सरांना रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाही. २० मार्च १९६५ रोजी अंतिम सामन्यात त्यांनी व्हिलानोवा संघाला ५५-५१ असे हरवले. ही स्पर्धा जिंकण्याची जो यांची चौथी वेळ. गुरूला याहून चांगली गुरुदक्षिणा कोणती असणार?

१९६६ साली बास्केटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव दाखल झाले. या मानकऱ्यांचे स्मारक आज स्प्रिंगफील्डमध्येच आहे, जिथे नेस्मिथ गुरुजींनी टोपल्या टांगल्या होत्या. १० ऑगस्ट १९७० रोजी जो लॅपचिक यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा रिचर्ड पुढे मोठा झाला आणि खेळातील वर्णभेदाविरुद्ध त्याने आयुष्यभर काम केले. खिडकीतून पाहिलेले ते झाड आणि कानावर पडलेल्या त्या शिव्या तो विसरला नव्हता. पण त्याबरोबरच, एवढे होऊनही वडील मागे हटले नाहीत, हेही त्याने पाहिले होते.

आज ही भित्तिपत्रिका वाचायला आलेल्या आईवडिलांनाही एक सांगावेसे वाटते. मुले आपण सांगितलेले ऐकतात की नाही, कोण जाणे. पण आपण काय करतो ते ती खिडकीतून पाहत असतात.

आणि मित्रांनो, आपली उंची किती वाढेल हे आपल्या हातात नाही. पण उद्या मधल्या सुट्टीत कबड्डीचे गडी वाटून घेताना कुणाला बाजूला उभे ठेवायचे नाही, आणि समोरचा चांगला खेळला तर त्याला तसे सांगायचे, एवढे तर आपल्या हातात आहे ना?