टाळ्यांनी वाढविलेला मुलगा

रंगमंचावर लहान मूल गाऊ लागले की प्रेक्षक एरवीपेक्षा वेगळा वागतो. मोठ्या गवयाकडून एखादा स्वर निसटला तर नाक मुरडणारा रसिकही मुलाच्या बाबतीत एकदम मायाळू होतो. गाणे जमले तर कौतुकाला पारावार राहत नाही, कोणी डोळे पुसतो, कोणी बक्षीस पाठवतो, आणि पाठोपाठ आरोळी येते की आणखी एकदा होऊ दे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत आज हेच दृश्य आपण घरबसल्या पाहतो. मुलांची जिद्द पाहून आपल्याला बरेही वाटते. या कौतुकाचे पुढे काय होते, ते मूल मोठे झाल्यावर त्याने या टाळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. मला तो पडतो तेव्हा हटकून आठवतात ते संगीतसूर्य केशवराव भोसले. त्यांच्या अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात या प्रश्नाचे एक फार स्पष्ट उत्तर दडलेले आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती बेताची. चार-पाच वर्षांचे असतानाच ते जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी गरिबाघरच्या गोड गळ्याच्या मुलाला नाटक कंपनीचा आसरा मिळणे ही नवलाईची गोष्ट नव्हती. कंपनीत दोन वेळचे जेवण मिळे, अंगावर कपडा मिळे, तालीममास्तर पदे बसवून घेत आणि मुलाची आईवडिलांना काळजी उरत नसे. बदल्यात मुलाचे बालपण कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरे. आज या गावी मुक्काम, महिन्याने त्या गावी. ज्या वयात इतर मुले पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जातात, त्या वयात केशवची शाळा म्हणजे तालमीची खोली, आणि परीक्षा म्हणजे रात्रीचा खेळ.

त्याच सुमारास मराठी रंगभूमीवर एक मोठी घटना घडली. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला किर्लोस्कर नाटक मंडळीने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले. तोवर संगीत नाटक म्हणजे शकुंतला, सुभद्रा, राजे आणि ऋषी. देवलांनी प्रथमच पुराणाचा आधार सोडून आपल्याच आळीतले एक घर रंगमंचावर उभे केले. कांचनभट हा लोभी बाप पैशांसाठी आपली मुलगी शारदा पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडून डाव टाकतो, आणि कोदंड नावाचा तरुण तो डाव उधळायला उभा राहतो, असे हे कथानक. हा विषय कोणाला परका नव्हता. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये महाराष्ट्र ढवळून निघाला होता, त्याला जेमतेम आठ वर्षे झाली होती. नाटकाला बसलेल्या बायकांपैकी कित्येकींची लग्ने परकरी वयातच झालेली असणार, आणि त्यांत एखादीचा नवरा तिच्या बापाच्या वयाचाही असणार. समोर जे चालले होते ते नाटक आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने वाटावे?

‘शारदा’ चालले, आणि चालतच राहिले. ते एका कंपनीचे न राहता अनेक मंडळ्यांचे झाले. स्वदेशहितचिंतकांनीही ते घेतले आणि शारदेची भूमिका आली ती केशवकडे. विसावे शतक नुकतेच सुरू झाले होते आणि हा मुलगा होता दहा-बारा वर्षांचा. किर्लोस्करी परंपरेत स्त्रीभूमिका पुरुषच करीत; पण तो बहुधा वाढलेला, सरावलेला नट असे. येथे शारदा आणि शारदेचा नट यांच्या वयात जवळजवळ फरकच उरला नव्हता. बापाने आपल्याला विकायला काढले आहे हे कळल्यावर भेदरलेली ती पोर आणि रंगमंचावर उभे असलेले ते मूल ही दोन माणसे वाटेनाशी झाली. त्यात आवाज असा की उंच पट्टीत चढला तरी धार जाऊ नये. लोक वेडे झाले. ‘शारदा’ला जाऊ या असे म्हणण्याऐवजी त्या मुलाला ऐकायला जाऊ या असे म्हणू लागले.

मला या प्रसंगातली एक गोष्ट नेहमी अस्वस्थ करते. प्रेक्षक ढसाढसा रडत होता तो शारदेसाठी. पैशाच्या व्यवहारात सापडलेल्या, स्वतःच्या आयुष्याबद्दल एक शब्दही बोलायची मुभा नसलेल्या एका मुलीसाठी. पण तिचे सोंग घेतलेला मुलगाही गरिबीपायी दुसऱ्याच्या हवाली झालेला होता. त्याच्या गळ्यावर एका कंपनीचे पोट चालले होते. त्याच्यासाठी कोणी रडले नाही, कारण तो रडवणारा होता. प्रेक्षक निष्ठुर होता असे मला म्हणायचे नाही. ती त्या काळची रीतच होती, आणि कंपनीने त्याला उपाशी ठेवण्याऐवजी विद्या दिली हेही खरे. तरीही रंगमंचावरच्या मुलाचे दुःख आपल्याला दिसते आणि त्या दुःखाला आवाज देणारे मूल दिसत नाही, ही प्रेक्षकाची जुनी खोड आहे.

वन्समोअर ही त्या खोडीची सर्वांत बोलकी खूण. संगीत नाटकाचे खेळ रात्री उशिरा सुरू होत आणि पहाटेपर्यंत लांबत, त्याचे एक मोठे कारण म्हणजे हा वन्समोअर. पद आवडले की पिटातून आरोळी उठे आणि कथानक जागच्या जागी थांबे. मरणाच्या दारातले पात्रसुद्धा परत उभे राहून तेच पद गाई. मोठा नट असेल तर तो हसून वेळ मारून नेई, किंवा मोजकेच गाऊन सुटका करून घेई. मुलाला हे कसे जमणार? त्याला वन्समोअर म्हणजे हुकूमच वाटणार. झोपेने डोळे जड झालेले असताना तेच पद पुन्हा, आणि पुन्हा गाताना मागच्यापेक्षा सरस. केशवरावांचा गळा पुढे जो पोलादासारखा झाला, तानेची फेक जी इतकी जोरकस झाली, तिच्या मुळाशी या रात्री असल्या पाहिजेत असे मला वाटते. टाळ्यांनी या मुलाला थकवले हे खरे, तसेच घडवले हेही खरे.

कंपनीतल्या मुलांच्या मानेवर आणखी एक टांगती तलवार असे, ती म्हणजे आवाज फुटण्याची. पंधरा-सोळाव्या वर्षी आवाज फुटला, ओठांवर मिसरूड आली, की काल डोक्यावर घेतलेला मुलगा आज मागच्या रांगेत जाऊन उभा राही. प्रेक्षकांचे प्रेम आटलेले नसे, पण त्यांना हवा असे तो कालचा मुलगा. रसिकांनी दिलेली नावेच पाहा. नारायण श्रीपाद राजहंस हे एकोणऐंशी वर्षे जगले, साठी उलटल्यावरही लुगडे नेसून रंगमंचावर उभे राहिले. पण महाराष्ट्राने त्यांना अखेरपर्यंत ‘बाल’गंधर्वच म्हटले. बालमोहन मंडळीत लहानपणी आलेले सौदागर गोरे १९९७ मध्ये एकोणऐंशीव्या वर्षी गेले ते ‘छोटा’ गंधर्व म्हणून. या नावांत माया किती आहे! पण त्या मायेत एक हट्टही आहे. तू मोठा होऊ नकोस, आम्ही तुला प्रथम पाहिले तसाच राहा, असा.

केशवरावांनी हा हट्ट मोडला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. ज्या वयात टाळ्या संपायची धास्ती घ्यायची, त्या वयात हा मुलगा मालक झाला. भांडवल म्हणजे मुख्यतः गळा आणि लोकांची ओळख. सुरुवातीला ‘शारदा’सारखी जुनी, हुकमी नाटके करून कंपनीचा जम बसवला. प्रेक्षक ‘शारदा’लाच येत होते, तेव्हा पुढची पंधरा वर्षे तेवढेच करून पैसा मिळवता आला असता. कोणी नावेही ठेवली नसती.

पण त्यांनी एकेक करून नवी नाटके घेतली. १९१२ मध्ये हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक कंपनीने करावे, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. लहानपणापासून स्त्रीचे दुःख बोलून दाखविणाऱ्या नटाने स्त्रीच्या लेखणीवर विश्वास टाकावा, यात मला एक संगती दिसते. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी गाजवले. मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’मधून हुंड्याचा प्रश्न मांडला. ‘शारदा’त बाप मुलीचे पैसे घेतो, येथे मुलाचा बाप मुलीच्या बापाकडून घेतो. व्यवहार उलटा झाला तरी मुलीचा भाव ठरायचा तो ठरतोच. शारदेचा नट मोठा झाला तेव्हा शारदेचा प्रश्न त्याने मागे टाकला नाही, त्याचे नवे रूप शोधले.

या काळातच ते स्त्रीभूमिकांकडून पुरुषभूमिकांकडे वळले. हे वाटते तितके सोपे नव्हते. ज्या नटाला लोकांनी परकरी पोर म्हणून डोळ्यांत साठवले, त्याला फेटा आणि तलवार घेऊन स्वीकारायचे, तर प्रेक्षकालाही स्वतःची आठवण बाजूला ठेवावी लागते. केशवरावांनी त्यासाठी गाण्याचाच आधार घेतला. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कसलेल्या गवयाची तालीम त्यांना लाभली. कंपनीतल्या रात्रींनी दिलेल्या जोरकस गळ्याला रागदारीची शिस्त मिळाली. बालगंधर्वांचे गाणे म्हणजे चांदणे आणि केशवरावांचे म्हणजे तळपते ऊन, असे जुने रसिक फरक करीत, आणि त्यावरून रसिकांत दोन तटही पडले होते.

ते दोन्ही तट एका छताखाली आले ते ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. रसिक जणू कुस्तीचा फड पाहायला जमावेत तसे जमले होते. कोण कोणाला मागे टाकतो हेच पाहायचे होते. कोण जिंकले याचा निकाल काही लागला नाही आणि वाद पुढे कित्येक वर्षे पुरला. माझ्या मते त्या रात्रीचे महत्त्व वेगळे आहे. एके काळी शारदा होऊन लोकांना रडवणारा मुलगा त्या रात्री सेनापतीच्या वेषात, महाराष्ट्राच्या लाडक्या भामिनीसमोर, बरोबरीने उभा होता, आणि प्रेक्षकांनी त्याला त्या रूपात टाळ्या दिल्या. लहानपणीच्या टाळ्या मायेच्या होत्या, या टाळ्या मानाच्या होत्या.

त्या उपभोगायला आयुष्य मात्र उरले नव्हते. तीन महिनेही झाले नाहीत तोच विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय एकतीस. नटमालकाबरोबर कंपनी बुडावी हा तेव्हाचा नेहमीचा अनुभव. ललितकलादर्श बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, आणि त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तिचे नाव जागते ठेवले. केवळ स्वतःच्या गळ्यावर उभी केलेली संस्था गळ्याबरोबर संपते. केशवरावांनी नवे लेखक, सुरेख पडदे, शिस्तीची तालीम यांच्यावर ती उभी केली होती, म्हणून ती टिकली.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. शेजारीच खासबागचे कुस्तीचे मैदान. गाणे आणि कुस्ती, दोन्हींत दमसास लागतो हे त्या राजाला ठाऊक होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. त्यांतल्या कोणीही केशवरावांना ऐकलेले असणे शक्य नव्हते. तरी घरातले माणूस गेल्यासारखे ते रडत होते. हाही प्रेक्षकांचाच एक प्रतिसाद, एकशे तीन वर्षांनंतर आलेला.

आपल्या घरातले एखादे मूल उद्या स्नेहसंमेलनात किंवा टीव्हीवर गाईल, तेव्हा आपण टाळ्या वाजवणारच, आणि वाजवाव्यातच. मुलाला त्यांची भूक असते. मात्र वन्समोअर देताना एवढे जरूर पाहावे, की ते मूल थकले आहे का, आणि आपल्याला त्याचे गाणे हवे आहे की त्याचे लहानपण. केशवरावांना वाट काढता आली, कारण त्यांच्याजवळ असामान्य गळा होता आणि त्याहून असामान्य हिंमत. त्यांच्याबरोबर कंपन्यांच्या बिऱ्हाडांत वाढलेली, एक-दोन हंगाम टाळ्या घेऊन आवाज फुटताच विस्मरणात गेलेली इतर मुले किती होती, त्यांची नावे कोणीही लिहून ठेवलेली नाहीत.