बूट नसलेल्या पोरांना घेऊन आशिया जिंकणारा शाळामास्तर : सय्यद अब्दुल रहीम

भारताने फुटबॉलमध्ये एशियन गेम्सचं गोल्ड मेडल जिंकलं होतं, असं आज कुणी सांगितलं तर अनेकांना चेष्टा वाटेल. पण भारताने ते एकदा नाही, दोनदा जिंकलंय. १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात. आणि दोन्ही वेळा टीमचा कोच एकच होता, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

अजय देवगणच्या 'मैदान' पिक्चरमुळे हे नाव पुन्हा चर्चेत आलं. तोवर फुटबॉलवेडे सोडले, तर रहीम साहेब कुणाच्या फारसे लक्षात नव्हते.

रहीम यांचा जन्म १९०९ सालचा, निजामाच्या हैदराबादमधला. आजचा मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते तिथल्या टीमकडून फुटबॉल खेळायचे. बीए झाले, शाळेत मास्तर झाले. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारीच अंगावर घेतली.

खेळाडू म्हणून त्यांचं नाव देशभर झालं नाही. पण मास्तरकी मात्र त्यांच्या हाडात होती आणि तीच कामी आली.

१९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. तिथे त्यांनी पोरांसाठी भन्नाट स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत ड्रिबलिंग करायलाच बंदी, म्हणजे बॉल आला की लगेच पास द्यायचा. दुसरीत ज्या पायाने नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळायचं. एकट्याने बॉल पळवत न्यायची सवय मोडावी आणि दोन्ही पाय तयार व्हावेत, हा त्यामागचा हिशोब.

१९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस टीमचे कोच झाले. तेव्हा फुटबॉल म्हणजे कलकत्ता असं समीकरण होतं. पण मुंबईत कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप या पोलीस टीमने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. मोठमोठ्या क्लबना पाणी पाजलं.

त्याच काळात भारतीय टीमची सूत्रंही त्यांच्याकडे आली. १९५१ च्या पहिल्याच एशियन गेम्समध्ये मेवालालच्या गोलवर भारताने फायनलमध्ये इराणला १-० ने हरवलं.

आणि पुढच्याच वर्षी टीम जमिनीवर आपटली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते आणि युरोपातल्या थंड, ओल्या मैदानावर पाय ठरत नव्हते. या पराभवानंतर बूट घालणं सक्तीचं झालं. रहीम यांनी खेळाची मांडणीही बदलायला घेतली. पुढच्या फळीतला एक खेळाडू मागे ओढून मधली फळी भक्कम करायची, हा त्या काळात भारतात नवाच प्रकार होता.

याचं फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसलं. भारताने यजमान ऑस्ट्रेलियालाच ४-२ ने हरवलं. त्यात हॅटट्रिक होती नेव्हिल डिसोझाची. नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि हा गडी मुंबईच्या मैदानांवर नाव कमावत होता. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. त्या स्पर्धेत भारत चौथा आला.

रहीम साहेबांची नजर फक्त मोठ्या नावांवर नसायची. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम घरच्या गरिबीमुळे हैदराबादला सरावाला येऊ शकत नव्हता. रहीम यांनी त्याला सायकल भाड्याने घ्यायला पैसे दिले. हाच बलराम पुढे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्या जोडीने भारताचा हुकमी फॉरवर्ड झाला.

मग आलं १९६२ चं जकार्ता. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवलं. थायलंडविरुद्ध डिफेंडर जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. वातावरण तर पार विरोधात होतं. इस्रायल आणि तैवानला खेळू न दिल्याबद्दल भारताचे क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी जाहीर नाराजी दाखवली होती, त्यामुळे इंडोनेशियातले लोक भारतावर खवळले होते. भारतीय दूतावासावरही हल्ला झाला.

अशात रहीम यांनी डाव टाकला. टाके घातलेल्या जर्नेलला डिफेन्समधून काढून थेट फॉरवर्डला उभं केलं. त्याने सेमीफायनलमध्ये गोल मारला आणि फायनलमध्येही.

४ सप्टेंबर १९६२. समोर पुन्हा दक्षिण कोरिया आणि भारताच्या विरोधात ओरडणारं खच्चून भरलेलं स्टेडियम. पी. के. आणि जर्नेलच्या गोलमुळे भारत २-१ ने जिंकला. मधल्या फळीत होता गोव्याचा फोर्चुनातो फ्रँको, मुंबईच्या टाटा टीमचा खेळाडू.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला फुफ्फुसाच्या कॅन्सरने रहीम साहेब गेले. वय फक्त ५३.

कोचसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे ते जाऊन २२ वर्षं झाल्यावर. त्यांचा मुलगा सय्यद शाहीद हकीम पुढे फिफाचा रेफरी झाला.

१९७० च्या एशियन गेम्समध्ये भारताला फुटबॉलचं ब्राँझ मिळालं. पण जकार्तानंतर गोल्ड काही आलं नाही. प्रत्येक वर्ल्ड कपला आपण विचारतो, भारत कधी खेळणार? त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर रहीम साहेबांच्या त्या पोरांच्या स्पर्धांमध्ये आहे. त्यांनी टीम बांधायला सुरुवात केली होती ती शाळेच्या मैदानापासून.