दादासाहेब फाळके : कलाभवनाचा विद्यार्थी, नाशिकचा शिक्षक

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. मात्र त्या दिवशी फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यापूर्वीची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्यांनी एका कलेतून दुसऱ्या कलेत शिरण्यात घालविली होती, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हाताने काम करावे, त्यामागील शास्त्र शोधावे आणि साधलेले दुसऱ्याला शिकवावे, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी शिकविणारे कलाशिक्षण आज उच्च अभ्यासक्रमाचा विषय मानले जाते. फाळके यांनी त्याचा प्रयोग नाशिकमध्ये केला तेव्हा त्याला अभ्यासक्रम नव्हता, पदवी नव्हती आणि इमारतही धड नव्हती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. अध्यापनाच्या निमित्ताने त्यांनी मुंबईची वाट धरली आणि त्यामुळे मुलाला १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेता आला. तेथील एक वर्षाचा रेखाकलेचा अभ्यासक्रम पुरा करून धुंडिराज थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेले. वेदशास्त्रसंपन्न घराण्यातील मुलाने पेन्सिल आणि रंग हाती धरावेत, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

बडोद्याचे कलाभवन हे फाळके यांचे खरे विद्यापीठ. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या संस्थेचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. चित्रकला, वास्तुकला, रंगकाम, छपाई आणि रसायन यांच्यामध्ये या संस्थेने भिंती घातल्या नव्हत्या. फाळके तेथे तैलरंग आणि जलरंग शिकले, मातीकाम शिकले, वास्तुरचनेत गती मिळविली. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. गज्जर यांनी या विद्यार्थ्याचा कल ओळखला. तीनरंगी ठसे, फोटोलिथो आणि अंधाऱ्या खोलीतील छपाई शिकण्यासाठी त्यांनी फाळके यांना रतलामला धाडले, आणि परतल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळा व छायाचित्रण विभाग त्यांना वापरावयास दिला. विद्यार्थ्यावर विश्वास टाकून त्याच्या हाती प्रयोगशाळेच्या किल्ल्या देणारा गुरू प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

पुढची वर्षे मात्र धावपळीची आणि दुःखाची गेली. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय, तेथेच प्लेगमध्ये पत्नीचा व अपत्याचा मृत्यू, पुन्हा बडोदे, रंगभूमीचे पडदे रंगविणे, स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्यात ठसे करण्याचा कारखाना, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम, मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स आणि १९०९ साली यंत्रसामग्रीसाठी जर्मनीचा प्रवास. वरवर पाहता ही यादी धरसोडीची वाटते. पण रंगविलेले पडदे, मोजून काढलेली मंदिरे, काच आणि रसायने, प्रेक्षकांची नजर चुकविण्याची हातचलाखी यांपैकी एकही विद्या पुढे वाया गेली नाही.

१९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके यांना आपल्या देवादिकांचे चित्रपट काढण्याचा ध्यास लागला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांनी काय केले, ते अधिक बोलके आहे. त्यांनी आधी अभ्यास केला. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याने व जागरणाने डोळ्यांवर ताण आला आणि काही काळ दृष्टी अधू झाली. बरे होताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली आणि हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते परतले.

परतल्यावर पहिले चित्रण कशाचे केले, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे. रोज थोडे थोडे चित्रण करून बी रुजण्यापासून वेल वाढेपर्यंतचा महिन्याहून अधिक काळ त्यांनी मिनिटभरात दाखविला. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट म्हणजे त्यांचा शोधनिबंधच म्हटला पाहिजे. तो पाहूनच सावकाराने भांडवल दिले.

दादरच्या घरात 'राजा हरिश्चंद्र'चे काम चालू असतानाच शिकविणे सुरू झाले होते. त्र्यंबक तेलंग या स्नेह्याला फाळके यांनी कॅमेरा चालविणे शिकविले आणि चित्रपटाचे छायाचित्रण त्याच्याकडून करून घेतले. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने कालवीत, फिल्म धुवीत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवीत आणि या साऱ्यातून उरलेल्या वेळात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव अधिक ठळकपणे घेतले जावयास हवे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळके यांना सापडले. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले आणि पुढे स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहिले. एका खानावळीतील कामगाराचा हा प्रवास फाळके यांच्या अध्यापनाची साक्ष देतो.

पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर फाळके यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलविला. जन्मभूमी जवळ होती. गोदावरीचे घाट, पंचवटीतील मंदिरे, त्र्यंबकचे डोंगर आणि रामकथेशी जोडलेला सारा परिसर हाताशी होता. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट येथेच झाले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने पडद्यावर स्त्रिया प्रथमच आल्या. पौराणिक कथांच्या जोडीला फाळके लहान लहान विषयही हाताळीत. 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यांना हालचाल दिली, तळेगावच्या काचकारखान्याचे चित्रण केले, नाशिकची सिंहस्थ पर्वणी टिपली. नव्या हातांना सराव देण्यासाठी असे विषय सोयीचेही असावेत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, भांडवल आटले. अशा वेळी फाळके यांनी केलेली एक गोष्ट त्यांच्या इतर कोणत्याही चमत्कारापेक्षा मोलाची वाटते. १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढला. त्यात ते स्वतः नटांना प्रसंग समजावून देताना, फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. आपल्या कसबाचे रहस्य जपण्याची कारागिरांची रीत असताना या माणसाने ते पडद्यावर आणि कागदावर उघडे केले.

१९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांनी अमाप लोकप्रियता मिळविली. दुसऱ्या चित्रपटात कन्या मंदाकिनीने बालकृष्ण साकारला. परंतु भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि ठरलेल्या तारखा हव्या होत्या, तर फाळके यांना मनाजोगे साधेपर्यंत प्रयोग करावयाचा होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्याजोगे होते आणि म्हणूनच तडजोड झाली नाही. फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. ते गेल्यावरही नाशिकची कंपनी बंद पडली नाही. त्यांनी तयार केलेली माणसे चित्रपट काढीत राहिली. तरीही १९२२ मध्ये कंपनीला त्यांना परत बोलवावे लागले. काम करणारे हात नाशिकमध्ये तयार झाले होते, प्रयोग करणारी दृष्टी मात्र एकाच माणसापाशी राहिली होती. ती पुढच्या पिढीकडे नेईल अशी शाळा उभी करावयास ना भागीदारांकडे धीर होता, ना सरकारकडे इच्छा. १९२७-२८ साली रंगाचारियार समितीने देशातील चित्रपट व्यवसायाची चौकशी केली, तेव्हा साक्ष देणाऱ्यांत फाळके होते आणि या विद्येच्या रीतसर शिक्षणाची गरज त्यांनी मांडली होती.

बोलपटाने मूकपटाचा काळ संपविला. 'सेतुबंधन' नंतर ध्वनी जोडून प्रदर्शित करावा लागला. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या आमंत्रणावरून काढलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. सुमारे ९५ चित्रपट व २६ लघुपट नावावर असलेल्या या कलावंताची अखेरची वर्षे नाशिकमध्ये ओढाताणीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

चित्रपटाचे रीतसर शिक्षण देणारी सरकारी संस्था पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली ती १९६० साली, आणि फाळके यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून देण्यात येऊ लागला. त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे, 'लंकादहन'चे तुकडे, 'कालियामर्दन'चा मोठा भाग आणि 'चित्रपट कसे तयार करतात'मधील काही दृश्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली.