मार्कोनीच्या वायरलेसला कुलूपच नव्हतं!

हॉस्टेलला असताना मी माझ्या राऊटरचं नाव लपवून ठेवलं होतं. यादीत नावच दिसत नाही म्हटल्यावर घुसणार कोण? म्हणून पासवर्डही ठेवला नाही. आठवडाभरात शेजारच्या खोलीतली पोरं माझ्याच नेटवर सिनेमे बघत होती! पुढे कळलं, जवळपास हीच चूक रेडिओचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुग्लिएल्मो मार्कोनीनेही केली होती.

मार्कोनीचा जन्म १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. विद्यापीठाची पदवी नाही, पण घराच्या माळ्यावर प्रयोग चालू. १८९५ मध्ये त्याने तारेशिवाय सिग्नल टेकडीपलीकडे पोचवला. इटलीत कुणी फारसं लक्ष दिलं नाही, म्हणून १८९६ मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे पेटंट, मग स्वतःची कंपनी आणि डिसेंबर १९०१ मध्ये थेट अटलांटिकपार सिग्नल.

अडचण एकच होती. तार ठरावीक जागी जाते, लहरी मात्र सगळीकडे पसरतात. मग चोरून ऐकणाऱ्यांचं काय? मार्कोनीचा भरवसा ट्यूनिंगवर होता. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोललं की बाकीच्यांना ऐकूच येणार नाही, असं त्याला वाटायचं.

जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रा. फ्लेमिंग यांचं व्याख्यान. मार्कोनी दूर कॉर्नवॉलमधून संदेश पाठवणार होता. पण त्याआधीच यंत्र टकटकू लागलं. आधी उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द, पुन्हा पुन्हा. मग मार्कोनीची टिंगल करणारी कविता! हा उद्योग होता नेव्हिल मास्केलिन या जादूगाराचा. जवळच एक साधा ट्रान्समीटर लावून त्याने सगळ्यांसमोर पितळ उघडं पाडलं.

यंत्राचं चुकलं कुठे? संदेश कोण पाठवतंय हे ते तपासतच नव्हतं, म्हणजे ऑथेंटिकेशन नाही. आणि संदेश कुणालाही वाचता यायचा, म्हणजे एन्क्रिप्शन नाही. फ्रिक्वेन्सी हा फक्त पत्ता असतो, कुलूप नव्हे. माझं लपवलेलं नावही तसंच. फोन जोडताना ते नाव हवेत जातंच.

पण याच मोकळ्या हवेचा फायदाही झाला. १९१२ मध्ये टायटॅनिकवरच्या मार्कोनी कंपनीच्या ऑपरेटरांची हाक दूरच्या जहाजांनी ऐकली आणि सातशेहून जास्त लोक वाचले. मार्कोनीला १९०९ मध्येच नोबेल मिळालं होतं. १९२७ मध्ये त्याच्या बीम पद्धतीने आपलं खडकी आणि दौंड इंग्लंडशी जोडलं गेलं. १९३७ मध्ये तो गेला, तेव्हा ब्रिटनची रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.

आज डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मध्ये फोन आणि राऊटर, दोघंही पासवर्ड माहीत असल्याचं एकमेकांना सिद्ध करून दाखवतात. पासवर्ड स्वतः हवेत जात नाही. त्यानंतरचा डेटाही एन्क्रिप्ट होऊनच जातो. तर आज घरी गेल्यावर राऊटरचं सेटिंग उघडा. डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए२. आणि पासवर्ड लांबलचक ठेवा. शेजारी एखादा मास्केलिन असतोच!