जनार्दनाचा एका

आज फाल्गुन वद्य षष्ठी. पैठण क्षेत्री गोदावरीच्या तीरावर आज दिंड्यापताकांची दाटी असेल आणि टाळमृदंगाच्या घोषात नाथांच्या समाधीवर माथा टेकण्यासाठी भाविकांच्या रांगा लागल्या असतील. या तिथीला आपण नाथषष्ठी म्हणतो. परंतु नाथांच्या आधी ही तिथी त्यांच्या गुरूंची होती. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना लाभलेले दत्तात्रेयांचे दर्शन, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि स्वामींचे निर्वाण ही चारही पर्वे परंपरेने याच दिवशी मानली आहेत. पाचवे पर्व शिष्याने आपला देह ठेवून जोडले. अशा या शिष्याचे चरित्र आजच्या दिवशी आठवू लागलो की आमचे लक्ष प्रथम जाते ते पैठणच्या एका वृद्ध दांपत्याकडे.

एकनाथांचे आईवडील, सूर्यनारायण आणि रुक्मिणी, त्यांच्या बालपणीच निवर्तले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्या पोरक्या जीवाला वाढविले. घराणे थोर होते. चक्रपाणींचे वडील संत भानुदास यांनी विजयनगरास गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नातवाची मुंज झाली, अध्ययन सुरू झाले. मुलगा असामान्य बुद्धीचा आहे हे आजोबांच्या ध्यानी आले असणारच. मात्र बाराव्या वर्षाच्या सुमारास, शिवालयात झालेल्या आदेशानुसार, तो कोणालाही न सांगता सद्गुरूंच्या शोधार्थ देवगिरीच्या वाटेला लागला. चरित्रकार येथून मुलाच्या मागोमाग देवगिरीवर जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचे ते दिवस कसे गेले असतील, याचा विचार आम्हाला मात्र सोडवत नाही.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार त्यांच्या हाती होता. हाती तलवार, दप्तरात जमाखर्च आणि अंतरात दत्तात्रेय अशी त्यांची दिनचर्या होती. गुरुवारी ते राजकार्यातून मोकळे राहून उपासनेत रमत, असे सांगतात. दारी आलेल्या मुलाला त्यांनी ठेवून घेतले, ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव शिकविले आणि त्याचबरोबर किल्ल्याचे हिशेबही सोपविले.

एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागलेल्या एकनाथांची गोष्ट मराठी घरांत मुलांना आवर्जून सांगितली जाते. चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविणाऱ्या शिष्याला, संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर किती आनंद होईल, असे स्वामींनी सुचविले. या कथेत शिष्याच्या चिकाटीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्या शिष्याची ती टाळी ऐकायला त्या प्रहरी गुरूही जागे होते, हे आमच्या मते तितकेच मोलाचे आहे. स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर परचक्र आले, तेव्हा त्यांची वस्त्रे अंगावर चढवून, शस्त्र हाती घेऊन एकनाथ लढले आणि परत येऊन त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत, ही कथाही तिथलीच.

पुढे दत्तात्रेयांचे दर्शन झाले, अनुष्ठान पूर्ण झाले. गुरूंसमवेत नाशिक-त्र्यंबकेश्वरची यात्रा घडली आणि त्यांच्याच आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर पहिली ओवीबद्ध टीका लिहून झाली. त्यानंतर शिष्य एकटाच तीर्थाटनाला निघाला. तो विरक्त होऊन कायमचा तीर्थवासी झाला असता तरी कोणी दोष दिला नसता.

इथे स्वामींनी जे केले ते आम्हाला सर्वांत मोठे वाटते. नातवाच्या शोधात असलेल्या चक्रपाणींच्या हाती त्यांनी आपल्या हस्ताक्षरातील एक आज्ञापत्र दिलेले होते. यात्रा आटोपून एकनाथ पैठणला आले, पण घरी मात्र गेले नाहीत. आजोबांनी त्यांना गाठले, पोटाशी धरले आणि ते पत्र पुढे केले. पैठणातच राहावे, गृहस्थाश्रम स्वीकारावा, अशी गुरूंची आज्ञा होती. पत्र वाचताच एकनाथ जागच्या जागी थांबले. ज्या ठिकाणी पत्र मिळाले त्याच ठिकाणी पुढे त्यांचे घर उभे राहिले, असे परंपरा सांगते. ज्या गुरूसाठी मुलगा घर सोडून गेला, त्याच गुरूने तो घराला परत दिला. वृद्ध आजीआजोबांच्या डोळ्यांदेखत नातवाचा गिरिजाबाईंशी विवाह झाला आणि ओसाड होऊ घातलेला वाडा अतिथींनी, कीर्तनांनी, अन्नदानाने भरून गेला.

नाथांनी या दोन्ही ऋणांची नोंद आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. एकनाथी भागवताच्या आरंभी देवतांच्या वंदनाबरोबर पणजोबा भानुदास, आजोबा चक्रपाणी, पिता सूर्य आणि माता रुक्मिणी यांना त्यांनी आदराने वंदन केले आहे. आईवडिलांचा सहवास ज्याला फारसा लाभला नाही, त्याने त्यांची नावे इतक्या प्रेमाने घ्यावीत हे वाचताना मन भरून येते. नवव्या अध्यायात जनार्दनस्वामींवर झालेल्या दत्तकृपेची हकीकत आहे. अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ पैठणात सुरू झाला आणि काशीक्षेत्री शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण झाला. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून प्रथम विरोध करणाऱ्या तिथल्या पंडितांनीच पुढे त्याचा गौरव केला, अशी आख्यायिका आहे. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. देवगिरीवर गुरूंच्या पायाशी बसून वाचलेली ती पोथी, त्यात शिरलेले अपपाठ काढून, त्यांनी महाराष्ट्राच्या हाती दिली. पैची चूक शोधणारी नजर इथेही कामी आली, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो.

एवढे यश पदरी आले तरी स्वतःचे नाव एकट्याने लिहिणे नाथांना रुचले नाही. अभंग असो, गौळण असो वा भारूड असो, त्यांनी योजिलेली मुद्रा एका जनार्दनी हीच. अनेकांना ती एकाच व्यक्तीची सही वाटते, इतकी ती दोन नावे एकजीव झाली आहेत.

शके १५२१ मध्ये, गुरूंच्याच तिथीला, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. आजपासून तीन दिवस पैठणचा उत्सव चालेल आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटेल.