मेली बेझे: जर्मनीतल्या पहिल्या महिला वैमानिकाच्या विमानातलं पेट्रोल का काढून घेतलं होतं?

उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो, टाकीतलं इंधन बघतो. जर्मनमध्ये या तपासणीला 'फोअरफ्लुगकंट्रोले' म्हणतात. इंधनाला 'क्राफ्टश्टोफ', म्हणजे शक्ती देणारा पदार्थ. इंधन बंद करायच्या कॉकचं नाव 'ब्रांडहान', शब्दशः 'आगीची तोटी'. आग लागली तर आधी तोच बंद करायचा.

टाकी स्वतः तपासणं किती गरजेचं असतं, हे मेली बेझेइतकं फार थोड्यांनी सोसलं असेल.

मेलीचा जन्म १३ सप्टेंबर १८८६ रोजी ड्रेस्डेनजवळच्या लाउबेगास्टमध्ये झाला. तिला शिल्पकार व्हायचं होतं. पण तेव्हा जर्मनीतल्या कला अकादमींमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती स्टॉकहोमला जाऊन शिकली.

परतल्यावर तिला विमानांनी वेड लावलं. बर्लिनजवळच्या योहानिस्टाल विमानतळावर तिला शिकवायला कुणी सहज तयार होईना. प्रशिक्षण सुरू झालं आणि अपघातात पाय मोडला. तरी ती परत आली.

तिथल्या काही पुरुष वैमानिकांना बाईनं विमान चालवणंच मान्य नव्हतं. त्यांनी तिच्या विमानाच्या नियंत्रण यंत्रणेत छेडछाड केली, टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. जमिनीवर ही खोडी वाटेल, पण हवेत इंजिन बंद पडलं की जिवावर बेततं.

मेली त्यातूनही सुखरूप राहिली. १३ सप्टेंबर १९११ रोजी, आपल्या २५ व्या वाढदिवशी, ती परीक्षा पास झाली. तिचा परवाना क्रमांक होता ११५. जर्मनीत हा परवाना मिळवणारी ती पहिली महिला.

१९१२ मध्ये तिनं स्वतःची उड्डाणशाळा काढली. पुढच्या वर्षी फ्रेंच वैमानिक शार्ल बुतारशी लग्न केलं आणि तेव्हाच्या कायद्यानुसार ती फ्रेंच नागरिक ठरली. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. मायदेशातच ती शत्रूदेशाची नागरिक झाली. पती नजरकैदेत गेला, तिचं उड्डाण बंद झालं.

युद्धानंतर घडी पुन्हा बसली नाही. १९२५ मध्ये परवान्यासाठी केलेल्या उड्डाणात अपघात झाला. त्याच डिसेंबरमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिनं आयुष्य संपवलं.

रिकाम्या टाकीनं तिला थांबवलं नव्हतं. तिला जमिनीवर आणलं ते नागरिकत्वाच्या कायद्यानं आणि युद्धानं.